पाहुण्यांच्या सिनेमाचे शेवटचे रीळ

मित्रांनो, मी एक जुने रीळ आहे. जुन्या वस्तू स्वतःविषयी बोलू लागल्या की आधी आपल्या गंजाबद्दल दिलगिरी व्यक्त करतात, अशी पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. माझ्या अंगावरचे ओरखडे मी ओढलेले नाहीत आणि माझ्या पोटातली गोष्टही मी रचलेली नाही. मी ती फक्त सांभाळली. सांभाळणाऱ्याने क्षमा मागायची आणि फेकणाऱ्याने वारशावर भाषण करायचे, ही व्यवस्था मला मान्य नाही.

तुमचा सिनेमा आता हातातल्या फोनमध्ये येतो. आमच्या काळी तो एका लांबलचक पट्टीवर असे. पट्टीवर बारीक बारीक चित्रे असत, ती दिव्यासमोरून भरभर सरकली की पडद्यावर माणसे चालू लागत. आकाशातून परके लोक येतात आणि पृथ्वीवर हल्ला करतात, अशा गोष्टीच्या एका काळ्यापांढऱ्या इंग्रजी सिनेमाची तीन रिळे होती. त्यांतले तिसरे आणि शेवटचे रीळ ते मी.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा, पण माझे अंग कापसाचे आहे. सरकीला चिकटून राहिलेली जी बारीक लव असते, तिच्यावर रसायनांची प्रक्रिया करून माझी पारदर्शक पट्टी तयार झाली. तिच्यावर जनावरांच्या हाडांपासून काढलेला चिकट थर दिला आणि त्या थरात चांदीचे कण पसरले. कापूस, हाडे आणि चांदी. ताऱ्यांपलीकडच्या लोकांची गोष्ट सांगण्यासाठी माणसाला शेवटी शेत, गोठा आणि खाणच शोधावी लागली.

ज्या काळात मी जन्मलो त्या काळात असे सिनेमे ढिगाने निघत. मी माझ्या जातीची बरीच रिळे पाहिली आहेत, म्हणून अधिकाराने सांगतो. अफाट अंतराळ ओलांडून आलेले हे लोक नेमके एखाद्या मोठ्या राजधानीतच उतरतात. त्यांना तिथली भाषा उत्तम येते. त्यांची शस्त्रे डोंगर वितळवतात, पण एका देखण्या अधिकाऱ्याला त्यांचा नेम कधीच लागत नाही. आणि सगळे विज्ञान हाताशी असूनही शेवटी ते कुठल्याशा क्षुल्लक गोष्टीने मरतात. पुढे विद्वानांनी या सिनेमांवर जाडजूड ग्रंथ लिहिले. हे सिनेमे काढणारा देश तेव्हा आपल्या शत्रूला भीत होता, आपल्याच शेजाऱ्याकडे संशयाने पाहत होता, आणि ती भीती त्याने आकाशातून उतरवली, असे त्यांत म्हटले आहे. ते खरेच आहे. घाबरलेला माणूस भीतीचे कारण आपल्या घरात शोधत नाही. तो कोणत्या तरी परक्याकडे बोट दाखवतो. फक्त एवढेच, की ज्या विद्वानांनी हे लिहिले त्यांतल्या फार थोड्यांनी आमच्यासारख्या रिळांना हात लावला, आणि ज्यांनी आम्हाला तिसऱ्या दर्जाचा कचरा म्हटले त्यांनी तर आम्हाला पाहिलेही नव्हते.

बोटीने मुंबई आणि मुंबईहून आगगाडीने अमरावती, असा माझा प्रवास झाला. वऱ्हाडातल्या गावागावांना सिनेमे पुरवणारे वितरक अमरावतीत बसत. तिथून आम्ही तिन्ही भावंडे अकोल्याला गेलो, ती एका मोठ्या टॉकीजमध्ये नव्हे, तर कापसाच्या रिकाम्या गोदामात. हंगाम संपला की ते गोदाम उन्हाळाभर ओस पडे. मालक तेवढे दिवस तिथे पडदा टांगून सिनेमा चालवीत असे. पत्र्याच्या फटींत सुताचे बोळे कोंबले की भर दुपारी आत अंधार होई. मी कापसाच्या अंगाचा, आणि माझी पहिली नोकरी कापसाच्या गोदामात. विलायतेहून येऊन एवढ्या लवकर माहेरी पोचण्याचे भाग्य फार थोड्यांना मिळते.

शुक्रवारची दुपार बायकांची असे. त्या खेळाला पुरुषाला प्रवेश नव्हता. यंत्र चालवायला पातूरचा देवमन नावाचा तरुण होता, त्याने यंत्राकडेच पाहायचे, बायकांकडे मान वळवायची नाही, अशी अट होती. दारावर तिकिटे घ्यायला खातूनबी बसे. नुकतीच लग्न होऊन आलेली, काटकुळी, आवाजाने खणखणीत. तिला इंग्रजीचा एकही शब्द येत नव्हता. प्रेक्षक बायकांनाही येत नव्हता. पहिल्या शुक्रवारी पडद्यावर चकचकीत तबकडी शेतात उतरली, तिच्यातून चंदेरी कपडे आणि डोक्यावर काचेचे गोल टोप घातलेले उंच लोक बाहेर आले आणि मोठमोठ्याने काही बोलू लागले, तेव्हा दुसऱ्या ओळीतून गोदाबाईने विचारले, "अवं खातून, काय म्हनून राह्यले हे?"

गोदाबाई म्हणजे खातूनबीच्या गल्लीतली, समोरच्याच घरातली. तिचा नवरा चंद्रभान कापडगिरणीत कामाला होता. दोघींचे दिवसभर एकमेकींच्या ओट्यावर येणेजाणे असे. मैत्रिणीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, असे खातूनबीच्या बाबतीत होणे शक्य नव्हते. तिने पडद्याकडे नीट पाहिले. तबकडीतून उतरलेले लोक एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या दारात उभे होते आणि त्याच्या तरुण मुलीकडे बोट दाखवीत होते.

"पोरगी पाह्यले आले," ती म्हणाली. "मोठ्या घरचे हायेत. गाडी पाह्य ना."

"आन डोक्यावर बरनी कावून घातली?"

"तिकडची रीत असन."

गोदामात हशा पिकला, आणि त्या क्षणी आमच्या सिनेमाचा अर्थ कायमचा बदलला. ज्यांनी तो बनवला त्यांना हल्ला दाखवायचा होता. अकोल्याच्या बायकांनी त्यात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पाहिला. मग त्यांना सगळेच समजू लागले. पाहुणे आगाऊ न कळवता आले, मध्यस्थ आणला नाही, ही त्यांची चूक. बापाने त्यांना बसायलाही न सांगता पोलिसांना बोलावले, ही त्याची चूक. सैनिकी गणवेशातला तो देखणा नायक, जो दर वेळी मुलीच्या आणि पाहुण्यांच्या मध्ये येतो, तो कोण, असे कोणीतरी विचारले. खातूनबी म्हणाली, "आतेभाऊ हाय तिचा. जीव जयून राह्यला त्याचा." पाहुण्यांनी किरण सोडून रणगाडा वितळवला तेव्हा तिने सांगितले की श्रीमंत लोकांना राग लवकर येतो. दुसऱ्या रिळात ते मुलीला यानात नेतात आणि खिडकीतून तारे दाखवतात. मूळ सिनेमात ती तिथे किंचाळते. खातूनबीने सांगितले की सासरचे घर केवढे मोठे आहे हे पाहून कोणतीही पोरगी ओरडेल.

हे अडाणीपणाचे लक्षण आहे, असे म्हणणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना मी एवढेच सांगेन की ज्या ग्रंथांचा मी वर उल्लेख केला, त्यांपैकी एकाही ग्रंथकाराला हे सुचले नव्हते की दारात आलेल्या परक्याला आधी पाणी विचारावे.

परंतु मित्रांनो, त्या दुपारी मी डब्यातच होतो, आणि पुढच्या सगळ्या शुक्रवारी डब्यातच राहिलो. दुसरे रीळ संपता संपता गिरणीचा भोंगा होई. पाळी सुटून पुरुष घरी पोचण्याच्या आत चूल पेटलेली हवी, म्हणून भोंगा ऐकताच सगळ्या बायका एकदम उठत. देवमन मला यंत्रावर चढवण्यापूर्वीच गोदाम रिकामे होई. संध्याकाळच्या खेळाला पुरुष मला पाहत. बायकांनी मात्र मला एकदाही पाहिले नाही. राहिलेला भाग खातूनबी चालता चालता सांगे. दारातून बाहेर पडताना तिचा आवाज मला डब्यात ऐकू येई. बापाला शेवटी शहाणपण आले, त्याने पाहुण्यांना बाजेवर बसवले, पाणी दिले. मुलीने स्वतः सांगितले की मला एवढ्या लांब यायचे नाही. पाहुणे म्हणाले, ठीक आहे, जबरदस्ती नाही. आणि ते आपल्या गाडीत बसून, राग न धरता निघून गेले.

असा शेवट माझ्या अंगावर कुठेच नव्हता. माझ्या अंगावर काय होते ते मला ठाऊक होते, आणि मी डब्यात गप्प होतो, कारण रिळाला दिव्याशिवाय बोलता येत नाही.

त्या उन्हाळ्यात आमचा सिनेमा बायकांनी पुन्हा पुन्हा पाहिला. मालकाने नवा सिनेमा आणला तर त्यांनी तो नाकारला आणि पाहुण्यांचाच लावा म्हणून सांगितले. आपली कोणी एवढी वाट पाहावी, यासारखी प्रशंसा नाही, जरी ती माझ्या थोरल्या भावंडांच्या वाट्याला आली तरी.

मग ते बिनसले. गोदाबाईच्या घरी तिच्या नणंदेला, पंचफुलाला, पाहायला धामणगावहून पाहुणे आले होते. गप्पांच्या ओघात गोदाबाईने त्यांना सिनेमातल्या पाहुण्यांची गोष्ट सांगितली आणि ते कसे राजीखुशीने परत गेले तेही सांगितले. चंद्रभानने संध्याकाळचा खेळ पाहिला होता. तो सगळ्यांसमोर खदखदून हसला. ते परत गेलेच नाहीत, सगळेच्या सगळे मारले गेले, असे म्हणाला, आणि बायकांना सिनेमा दाखवण्यात काय अर्थ आहे तेही त्याने पाहुण्यांना ऐकवले. पाहुणेही हसले. गोदाबाई चहाची कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली.

पुढच्या शुक्रवारी खेळ सुरू होण्याआधी ती उभी राहिली आणि सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली, "तू आमाले खोटं सांगतलं, खातून. पाहुन्यायले मारलं त्यायनं. सगळ्यायले."

खातूनबी दारातून उठली नाही. "मीनं पाह्यलं नाई, तुनंही पाह्यलं नाई," ती म्हणाली. "मंग खोटं कोनाचं?"

गोदाबाईचे घरी चार लोकांत हसे झाले होते, आणि खातूनबीला चार बायकांत खोटारडी ठरवले गेले होते. त्या दिवशी खातूनबीने काही समजावून सांगितले नाही. पडद्यावर नुसते इंग्रजी बोलले गेले आणि बायका अर्ध्यातून उठून गेल्या. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींशी सरळ बोलल्या नाहीत. समोरासमोर घरे, मध्ये एक अरुंद गल्ली, आणि निरोप जायचे ते मुलांच्या, भाजीवालीच्या किंवा भिंतीच्या मार्फत. "कोनी तरी त्यायले सांगा, नळ आला," असे गोदाबाई हवेला उद्देशून म्हणे, आणि खातूनबी बादली घेऊन बाहेर येई. नळ चुकवला नाही, सणावाराचे ताट चुकवले नाही. फक्त बोलणे थांबले, आणि थांबलेलेच राहिले.

हंगाम आला, गोदामात कापूस भरला आणि सिनेमा परत पाठवायची वेळ झाली. माझा डबा चेमटला होता, म्हणून देवमनने मला हाताशी आलेल्या दुसऱ्या डब्यात ठेवले होते. त्यावर लिहिले होते, 'बोंडअळीचे नियंत्रण'. शेतकऱ्यांना दाखवायच्या माहितीपटाचा तो डबा. माझी दोन भावंडे अमरावतीला परत गेली आणि मी बोंडअळी म्हणून देवमनच्या सामानाबरोबर पातूरला पोचलो. अमरावतीच्या वितरकाने माझी चौकशी केली नाही, कारण त्या सिनेमाला आता दुसरे गिऱ्हाईक नव्हते.

देवमनने पुढे स्वतःचे लहान यंत्र घेतले आणि गावोगाव शेतीचे माहितीपट दाखवू लागला. एकदा त्याने घाईत मला यंत्रावर चढवले. गावच्या पाराजवळ बसलेल्या शेतकऱ्यांनी बोंडअळीऐवजी आग ओकणारी तबकडी पाहिली आणि कोणीही उठले नाही. शेवटी मोतीराम नावाच्या शेतकऱ्याने गंभीरपणे विचारले, "साहेब, हे कीड कोनत्या औषदानं मरते?" देवमनने मला घाईने उतरवले आणि घरी गेल्यावर माळ्यावर टाकले. तिथे मी कितीतरी उन्हाळे काढले.

वऱ्हाडातला उन्हाळा माणसाला जसा सोसत नाही तसा रिळालाही सोसत नाही. उष्णतेने माझे अंग आखडू लागले आणि त्यातून आंबूस वास सुटू लागला. आम्हा रिळांचा तो असाध्य आजार आहे. एकाला झाला की बंद डब्यात तो वाढत जातो. माझ्या थोरल्या भावंडांना तेवढेही आयुष्य मिळाले नाही. अमरावतीच्या वितरकाचे गोदाम रिकामे झाले तेव्हा त्यांना वजनावर विकले गेले. त्यांच्या अंगावरची चित्रे रसायनात धुऊन चांदी काढून घेतली आणि उरलेली पट्टी भट्टीत गेली. मुलीला तारे दाखवणारी ती खिडकी अशी कोणाच्या तरी अंगठीत गेली असेल. हे करणारे लोक दुष्ट नव्हते, ते पोटासाठी काम करणारे होते. माझा राग त्यांच्यावर नाही. ज्यांचे काम आम्हाला जपण्याचे होते, ज्यांनी त्यासाठी समित्या नेमल्या, हार घातले, दीप उजळले आणि आमच्यासाठी एक थंड खोली मात्र बांधली नाही, त्यांच्याविषयी मी बोलतो आहे. त्यांना ऐकू येत असेल तर बरे, पण मी तशी अपेक्षा ठेवून बोलत नाही.

आता आजच्या काळाकडे येतो. खातूनबीची नात रुबीना अकोल्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. लहानपणापासून तिने आजीच्या तोंडून पहिल्या दोन रिळांची गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की ती तिला पाठ होती. आणि प्रत्येक वेळी आजी शेवटाशी येऊन थांबे आणि म्हणे की पुढचे समोरच्या घरात विचारा. यंदा कळले की गोदाबाईचा मुलगा किशोर तिला कायमचे पुण्याला नेणार आहे. समोरचे घर विकले गेले होते आणि सामान बांधायला सुरुवात झाली होती. खातूनबीने ते ऐकले आणि ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी रुबीना जुन्या गोदामातल्या माणसांची चौकशी करत पातूरला देवमनच्या दारात उभी राहिली. ही मैत्री मिटवायची तर त्या शेवटाचा निकाल लागायला हवा, आणि तो गोदाबाई जाण्याच्या आत लागायला हवा, एवढेच तिला ठाऊक होते.

देवमन आता म्हातारा आणि तापट झाला आहे. पारावरचा तो प्रसंग तो केव्हाच विसरला होता, आणि सिनेमाचे रीळ आपल्याकडे असणे शक्यच नाही, असे ठासून म्हणाला. जुने रीळ आंबूस वासाने ओळखू येते हे रुबीनाने वाचले होते, म्हणून तिने माळ्यावरचे डबे एकेक करून हुंगले. बोंडअळीच्या डब्यापाशी ती थांबली आणि झाकण उघडून तिने मला उजेडात धरले. पट्टीवर तिला चंदेरी कपड्यांतली माणसे दिसली. कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत होते. ती हसली. मला वाटते, ती रडतही होती, पण रिळाने अशा गोष्टींवर अंदाज करू नये.

शनिवारी दुपारी शाळेच्या सभागृहाच्या खिडक्यांना काळे कापड लावले. मुले जमिनीवर बसली. खातूनबी पुढच्या खुर्चीवर आली. रुबीनाने गोदाबाईंनाही निरोप दिला होता. त्यांनी विचारले होते, "मी कावून येऊ? मले तं शेवट मालूम हाय." पण खेळ सुरू होण्याच्या बेतात त्या आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर, खातूनबीकडे अर्धी पाठ करून बसल्या.

पहिली दोन रिळे जगात उरली नव्हती. म्हणून पांढऱ्या, रिकाम्या पडद्यासमोर खातूनबीने ती सांगितली. आवाज आता कापत होता, पण तबकडी उतरली, पाहुणे दारात आले, आतेभाऊ जळू लागला आणि मुले हसून लोटपोट झाली. एके ठिकाणी ती थोडी अडखळली, तेव्हा दाराकडून आवाज आला, "रुबीना, तुया आजीले सांग, बरनी राह्यली."

"तिले सांग," खातूनबी पडद्याकडे पाहतच म्हणाली, "बरनी आता येऊनच राह्यली."

मग देवमनने पातूरहून आणलेल्या आपल्या जुन्या यंत्रावर मला चढवले. पट्टीवरचा आवाज वाचणारा यंत्रातला छोटा दिवा केव्हाच गेलेला होता, त्यामुळे मी मुका होतो. दिवा लागला आणि मी माझी गोष्ट सांगितली. संध्याकाळचे मोकळे शेत. तबकडीपाशी पाहुणे शांत उभे. मग चहूबाजूंनी सैनिक आले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. पाहुण्यांपैकी एकाने हात वर केला होता, तो तसाच पडला. उरलेले पळत तबकडीत शिरले, ती आकाशात चढली आणि तिला तोफेचा गोळा लागला. ती पेटत खाली आली. लोकांनी टोप्या उडवल्या. नायकाने मुलीला मिठी मारली. समाप्त.

दिवे लागले तरी कोणी टाळी वाजवली नाही. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारले, "पन यायनं काय केलं होतं?"

खातूनबी खुर्चीत वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती दाराकडे तोंड करून, मध्ये कोणालाही न घालता बोलली. "तुयं खरं होतं, गोदा."

गोदाबाईंनी या वाक्याची उभा जन्म वाट पाहिली होती. चंद्रभान आता हयात नव्हते, हसणारे पाहुणे कुठे असतील कोण जाणे, पण आपण खोटे बोललो नव्हतो हे सर्वांसमोर सिद्ध झाले होते. त्या जिंकल्या होत्या. मी त्यांचा चेहरा पाहत होतो आणि त्यावर मला विजय कुठेच दिसला नाही.

"खरं होतं तं काय करू त्याले?" त्या म्हणाल्या. मग उठून यंत्रापाशी गेल्या. "देवमन भाऊ, हे उलटं फिरते का?"

देवमनने यंत्राच्या बाजूचा एक खटका दाखवला. फिरते, पण रिळाचे अंग आखडले आहे, उलटे फिरवताना तुटू शकते, असे तो म्हणाला. सगळ्यांनी रुबीनाकडे पाहिले. तिने माझ्यासाठी पातूर गाठले होते, माळा पालथा घातला होता. मग तिने देवमनला सांगितले, की यंत्र शक्य तितके सावकाश चालवा आणि कुठे अडले तर लगेच थांबवा.

मित्रांनो, मी आयुष्यात कधी उलटा फिरलो नव्हतो. माझी छिद्रे दात्यांना करकरत होती आणि कोणत्याही क्षणी माझे दोन तुकडे होतील असे मला वाटत होते. पडद्यावर नायकाने मुलीला मिठीतून सोडले. उडालेल्या टोप्या डोक्यांवर परत आल्या. धूर गोळा होऊन आगीत शिरला, आग तबकडीत शिरली, आणि जळालेली तबकडी जमिनीवरून अखंड उठून आकाशात गेली, तिथून हळूच शेतात येऊन उभी राहिली. गोळ्या बंदुकांत परतल्या. पडलेला तो पाहुणा जमिनीवरून उठला, त्याचा हात वर होता. सैनिक उलट्या पावलांनी चालत, एकेक करून चौकटीबाहेर निघून गेले. शेवटी पडद्यावर संध्याकाळचे मोकळे शेत उरले आणि त्यात शांत उभे असलेले पाहुणे. तिथे माझी पट्टी संपली.

गोदाबाई यंत्राकडून पुढे आल्या होत्या आणि खातूनबीच्या खुर्चीला धरून उभ्या होत्या.

"हे तं गेले नाई, गोदा," खातूनबी म्हणाली. तिचा शेवटही चुकला होता. "राह्यले."

"राहू दे मंग," गोदाबाई म्हणाल्या. "वावर मोठं हाय."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघींनी वाजवल्या नाहीत. त्या एका मिनिटाच्या आत आतेभावाच्या वागणुकीवरून जोरजोरात वाद घालू लागल्या होत्या आणि मुलगी कोणाला द्यायला हवी होती यावर त्यांचे एकमत होण्याची काही चिन्हे नव्हती.

गोदाबाई ठरल्याप्रमाणे पुण्याला गेल्या. गल्लीतले समोरचे घर दुसऱ्यांचे झाले. तिथे आलेले कुटुंब कुठले, कसले, याची गल्लीत दबक्या आवाजात चर्चा सुरू होती. पहिल्याच सकाळी खातूनबी त्यांच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन गेली. गोदाबाईंचा फोन दर शुक्रवारी दुपारी येतो. त्या सांगतात की मोठ्या इमारतीत आपले बोलणे ऐकून लोक आधी वळून पाहत, पण आता खालच्या मजल्यावरच्या बायका त्यांच्याकडून पाहुण्यांची गोष्ट ऐकायला बसतात. खातूनबी विचारते की शेवट कोणता सांगतेस. गोदाबाई म्हणतात, तिन्ही सांगते, ज्याला जो पाहिजे तो घ्यावा.

मी आता शाळेच्या ग्रंथालयात, भिंतीतल्या थंड कपाटात, हवा खेळेल अशा डब्यात राहतो. रुबीनाने माझी प्रत करून घेतली आहे. माझा आजार बरा होणार नाही, पण तो सावकाश चालला आहे, आणि दर वर्षी नवी मुले मला पाहतात. माझ्या वयाच्या रिळाला यापेक्षा जास्त काही मागणे शोभत नाही.

तरी एक मागणे आहे. तुमच्या घरात, शाळेत, मामाच्या माळ्यावर एखादा गंजका डबा असेल आणि त्यातून आंबूस वास येत असेल, तर तो भंगारात घालण्याआधी उघडून उजेडात धरा. आम्हाला ऊन दाखवू नका, ओल लागू देऊ नका, झाकण घट्ट बंद करून विसरू नका. पण नुसते जपूनही ठेवू नका. आम्हाला पाहा, आणि एकट्याने पाहू नका. शेजारी कोणी तरी असे बसवा की जे मोठ्याने सांगेल, आणि त्याच्या पलीकडे कोणी तरी असे, की जे ते मान्य करणार नाही. एवढी दोन माणसे हजर असतील, तर माझ्यासारख्या जुन्या, रागीट रिळालाही आपल्या पोटात आणखी काय काय दडलेले आहे ते कळायला अजून पुष्कळ आयुष्य आहे.